शोभेच्या निवडुंगाला सेंद्रिय खत: खानापूरच्या पावसापासून अथणीच्या उन्हापर्यंत

कुंडीतला निवडुंग मरतो तो बहुतेक वेळा उपासमारीने मरत नाही, लाडाने मरतो. गुलाबाला घालतो तसं ओंजळभर शेणखत त्यालाही घातलं जातं, मृगाचा पाऊस सुरू होतो आणि पंधरा दिवसांत बुडखा मऊ पडतो. मग दोष खताला लागतो. ‘निवडुंगाला सेंद्रिय खत चालतच नाही’ असं सांगणारे याच अनुभवातून बोलतात. त्यांचं दुःख खरं आहे, पण काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

सेंद्रिय खत चालतं आणि चांगलं चालतं. अट एकच आहे: कुजण्याचं काम कुंडीबाहेर संपलेलं असलं पाहिजे. शेण, पेंड, पालापाचोळा कुजताना उष्णता निघते, अमोनिया सुटतो, प्राणवायू वापरला जातो आणि बुरशीला मेजवानी मिळते. शेतात हे सगळं जमिनीच्या मोठ्या पोटात विरून जातं. चार इंची कुंडीत अर्धा लिटरही मिश्रण नसतं, त्यामुळे तिथे तो सगळा ताप मुळांवरच येतो. निवडुंगाची बारीक मुळं कोरड्या काळात सुकून जातात आणि ओलावा मिळाला की नवी फुटतात. या नव्या मुळांना अर्धकच्चं खत सगळ्यात आधी जाळतं. लेखात पुढे जी प्रमाणं आणि वेळा दिल्या आहेत, त्या या एका अटीतून आल्या आहेत.

आधी एक खातरजमा. बांधावर कुंपणाला लावतात तो त्रिधारी किंवा शेर मोडला की पांढरा चीक येतो. ती युफोर्बियाची जात, कॅक्टस नव्हे. खऱ्या निवडुंगाचे काटे एका छोट्या लोकरीसारख्या गादीतून पुंजक्याने फुटतात आणि मोडल्यावर चीक येत नाही, पाणीदार रस येतो. (मॅमिलेरियाच्या काही जाती याला अपवाद आहेत, त्यांना दुधाळ रस असतो.) युफोर्बियालाही खालची पद्धत बरीचशी लागू पडते, पण त्याची छाटणी करताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

आपला मुलूख आणि कुंडीतली ओल

बेळगाव जिल्ह्यासाठी खताचं एकच प्रमाण सांगणारा माणूस पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरलेला नाही असं समजावं. पश्चिमेला खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे आणि तिथे वर्षाला 1200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अथणीकडे गेलं की तोच आकडा निम्म्यावर येतो. पश्चिमेला जांभ्याची तांबडी, आंबूस माती आहे, तर अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणीकडे काळी, चुनखडीयुक्त जमीन भेटते. पाणीही वेगळं आहे. राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येणारं नळाचं पाणी सौम्य असतं. पूर्वेकडच्या बऱ्याच कूपनलिकांचं पाणी मात्र जड असतं आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतं.

खताशी याचा संबंध असा. सेंद्रिय खतातलं अन्न झाडाला मिळायला सूक्ष्मजीव लागतात आणि सूक्ष्मजीवांना ओल व ऊब लागते. खानापुरात जून ते सप्टेंबर ओल भरपूर असते, पण ऊन नसतं. म्हणजे अन्न सुटत राहतं आणि झाड ते वापरू शकत नाही. हीच कुजण्याची वेळ. अथणीत उलट घडतं: चैत्र-वैशाखात कुंडी दोन दिवसांत खडखडीत होते, सूक्ष्मजीव झोपतात आणि घातलेलं खत महिनाभर तसंच पडून राहतं. तिथे माणूस ‘काही फरक नाही’ म्हणून पुन्हा खत घालतो, आणि पहिल्या पावसाला सगळं एकदम सुटतं.

कोणतं खत, किती तयार

गांडूळ खत हा पाया धरावा. त्यात नत्र साधारण दीड टक्क्यापर्यंत असतं, बाकी अन्नघटकही मापात असतात आणि ते पूर्ण कुजलेलं मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. फक्त विकत घेताना पिशवी हुंगावी. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास यायला हवा. शेणाचा किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते अजून कच्चं आहे.

घरी खात्री करायच्या दोन चाचण्या आहेत आणि त्या टाळू नयेत. पहिली: मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवायचं. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर खत नापास. दुसरी: बशीत खताचा सेंटीमीटरभर थर ओला करून त्यावर मेथीचे किंवा अळिवाचे 20 दाणे पेरायचे, शेजारी साध्या वाळूत तेवढेच दाणे. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखीच उगवण दिसली आणि कोंबांची मुळं पांढरी असली, की खत वापरायला तयार. खतातले कोंब तपकिरी टोकांचे निघाले तर ढीग आणखी महिनाभर मुरू द्यावा. चाचणी झाली की 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळायचं आणि सापडतील तेवढी गांडुळं परत ढिगात सोडायची. कुंडीत गांडूळ राहिलं तर त्याच्या बारीक विष्ठेने निचऱ्याच्या पोकळ्या बुजतात.

शेणखत वापरायचंच असेल तर निदान वर्षभर जुनं, ज्यात शेणाची पोळी ओळखू येत नाही असं. घरी गोबरगॅस असेल तर त्याची स्लरी त्याहून बरी. तिचं कुजणं बरंचसं टाकीतच होऊन गेलेलं असतं. ती पसरून वाळवली, चुरली आणि चाळली की गांडूळ खताच्या जागी निम्म्या मापाने चालते.

निंबोळी पेंडीत नत्र चार-पाच टक्के असतं. मुळांवरच्या किडींना ती काही प्रमाणात आवरते, म्हणून निवडुंगासाठी तिची किंमत नत्रापेक्षा अधिक. शेंगदाणा पेंडीत नत्र सातेक टक्के. घाण्यावरून ताजी मिळते आणि तिथेच धोका आहे: कोरडी पेंड कुंडीत टाकली की आठ दिवसांत तिच्यावर बुरशीची दाढी उगवते, मुंग्या येतात, उंदीर कुंडी उकरतात. शेंगदाणा पेंड फक्त पाण्यात मुरवून, गाळून द्यायची.

हाडांचा चुरा स्फुरद आणि चुना देतो. वाफवलेला, वास नसलेला घ्यावा. ज्या घरांत हाडांचं खत आणत नाहीत तिथे रॉक फॉस्फेट चालतं, पण ते फक्त आंबूस मिश्रणात विरघळतं. म्हणजे खानापूर, बेळगावकडे उपयोग, काळ्या जमिनीच्या मुलखात जवळजवळ शून्य. आणखी एक बारकावा: जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असतं आणि ते स्फुरदाला धरून ठेवतं. चिऱ्याचा भुगा मिश्रणात जास्त घातला तर हाडांचा चुरा घालूनही फुलं येत नाहीत, त्याचं कारण हे असतं.

साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी, आपल्याकडे स्वस्तात मिळतो आणि शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. ताजा प्रेसमड गरम असतो, त्यात मेणासारखा अंश असतो, तो पाणी धरतो आणि मग सोडत नाही. तीन-चार महिने शेणाबरोबर कुजवल्यावर शेतासाठी उत्तम. छोट्या निवडुंगाच्या कुंडीत मात्र नको.

चुलीची राख पालाश आणि चुना देते, पण ती जोरदार अल्कधर्मी असते. तांबड्या मातीच्या भागात दोन लिटर मिश्रणाला वर्षातून एकदा एक चमचा ठीक आहे. कूपनलिकेचं जड पाणी देणाऱ्याने राखेला हात लावू नये. आधीच चुना साचलेल्या कुंडीत सामू (pH) आणखी चढतो, झाडाला लोह मिळत नाही आणि शेंडा पिवळा पडतो.

निपाणीकडे तंबाखूच्या देठांची भुकटी खत म्हणून सुचवली जाते. पालाश तिच्यात असतं, पण निकोटीन कातडीतूनही अंगात शिरतं. घरात लहान मुलं, मांजरं असताना गच्चीवरच्या कुंड्यांसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही.

स्वयंपाकघरातलं काय? साखर घातलेल्या चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, दूध, केळ्याची साल यांपैकी काहीही थेट कुंडीत नको. साखर आणि पिष्ट म्हणजे मुंग्यांना आमंत्रण, आणि मुंग्यांच्या पाठोपाठ पिठ्या ढेकूण येतो. हे सगळं कंपोस्टच्या बादलीत जाऊ द्या, सहा महिन्यांनी खत होऊन परत येईल. अंड्याच्या टरफलांचे मोठे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात, मिक्सरमधून पीठ करून कंपोस्टमध्ये घातले तरच उपयोग.

मिश्रण: 10 लिटरची बादली धरून

बेळगाव शहर आणि परिसरासाठी हे माप धरावं. विटांचा किंवा कौलांचा चुरा, 3 ते 6 मिलिमीटरचा, 4 लिटर. भरड वाळू किंवा एम-सँड (दगड भरडून केलेली वाळू), 2 मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेली, अडीच लिटर. भाताच्या तुसाचा काळा कोळसा 1 लिटर. चाळलेली तांबडी माती 1 लिटर. गांडूळ खत 1 लिटर. पूर्ण कुजलेला, चाळलेला पाला अर्धा लिटर. यात निंबोळी पेंड 40 ग्रॅम आणि हाडांचा चुरा 30 ग्रॅम.

खानापूर, जांबोटीकडे माती पूर्ण वगळायची. चुरा 5 लिटर, वाळू 3, कोळसा 1, गांडूळ खत अर्धा आणि पाला अर्धा लिटर, पेंड 20 ग्रॅम. खत कमी वाटेल, पण तिथल्या दमट हवेत तेवढंच पुरतं. उरलेली गरज पातळ खताने, उघडीप पाहून भागवता येते. कुंडीत एकदा घातलेलं खत मात्र परत काढता येत नाही.

अथणी, रायबागकडे चुरा साडेतीन, वाळू 2, कोळसा 1, तांबडी माती दीड, गांडूळ खत दीड आणि पाला अर्धा लिटर. इथे थोडी ओल धरून ठेवायची आहे. माती बाहेरून तांबडी आणावी. काळी रेगडी अजिबात नको: ओली असताना फुगून हवा कोंडते आणि सुकताना भेगाळून बारीक मुळं तोडते.

विटांचा चुरा जुन्या बांधकामाचा घेतला तर त्याला सिमेंट-चुना चिकटलेला असतो, तो सामू चढवतो. भट्टीवरचे मोडके तुकडे किंवा जुनी कौलं बरी. खानापूर तालुक्यात मातीकाम जुनं आहे, तिथे फुटक्या कौलांची वाण नाही. कुटल्यावर बारीक पीठ धुऊन काढायचंच, नाहीतर तेच तळाशी बसून चिखल होतो. तुसाचा कोळसा काळाच हवा. पांढरी राख होईपर्यंत जळू दिलं तर तो कोळसा राहत नाही. तूस पेटलं की पसरून पाणी मारून विझवायचं. कोकोपीट टाळावं, एकदा कोरडं पडलं की ते पाणी बाजूने सोडून देतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी: मिश्रण मुरवणं. पेंड घातलेलं मिश्रण लगेच कुंडीत भरायचं नाही. पाणी शिंपडून इतकंच ओलसर करायचं, की मूठ दाबली तर गोळा धरेल पण बोटांतून पाणी निथळणार नाही. घमेल्यात किंवा पोत्यावर ढीग करून वर ओलं गोणपाट टाकायचं आणि सावलीत 15 ते 20 दिवस ठेवायचं. दर चार-पाच दिवसांनी खालवर करायचं. पहिल्या आठवड्यात ढीग किंचित कोमट लागेल, पांढरे धागे दिसतील. ते चांगलं लक्षण आहे, कुजणं इथे उरकत आहे. ढीग थंड झाला आणि पेंडीचा उग्र वास गेला की मिश्रण तयार. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. ढीग लावताना एक किलो गांडूळ खताला 5 ग्रॅम या मापाने मिसळली तर बुडखा कुजवणाऱ्या बुरशीला आधीच जागा उरत नाही. ट्रायकोडर्मा घातल्यावर ढीग उन्हात ठेवू नये.

कुंडी भरण्याआधी निचरा मोजावा. 10 सेंटिमीटरच्या कुंडीत मिश्रण भरून 200 मिलिलिटर पाणी ओतायचं. 20 सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळं करून थांबलं तर आणखी चुरा मिसळा, मग पुन्हा मोजा.

कुंडी भरणं

खानापुरी मातीची, न रंगवलेली कुंडी पावसाळी भागात सर्वांत सुरक्षित, कारण बाजूंनी ओल उडते आणि खतातले क्षारही भिंतीत ओढले जातात. अथणीच्या उन्हात मात्र प्लास्टिकची कुंडी परवडते. कुंडी झाडाच्या घेरापेक्षा दोन बोटं मोठी, त्याहून नको. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली ओल आणि खत आंबत बसतं.

रोप काढायच्या आधी आठ दिवस पाणी बंद ठेवावं. काटे टोचू नयेत म्हणून वर्तमानपत्राच्या घडीचा पट्टा करून रोप धरायचं. जुनं मिश्रण झटकायचं, काळी मेलेली मुळं कात्रीने छाटायची. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाभोवती नुसतं कोकोपीट असतं, ते हलक्या हाताने पूर्ण काढावं. मुळांवर पांढरी भुकटी दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण, बुरशी समजू नये. मुळं पाण्याने धुऊन, निंबोळी तेलाच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवून, दोन दिवस सावलीत सुकवायची.

तळाच्या भोकावर खापराचा एक तुकडा, मग मिश्रण, मग रोप. बुडखा आधी होता त्याच पातळीला ठेवायचा, खोल गाडायचा नाही. वरून 3 ते 5 मिलिमीटर खडीचा सेंटीमीटरभर थर द्यायचा. हा थर फक्त शोभेसाठी नसतो: खताचे कण पावसाच्या शिंतोड्याने बुडख्याला चिकटत नाहीत आणि ओल्या खतावर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांना अंडी घालायला जागा मिळत नाही.

लावल्यावर आठ ते दहा दिवस पाण्याचा थेंब नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा भरू द्यायच्या. पातळ खत तर दीड-दोन महिने नाहीच.

पातळ खत

वर्ष झालं की मिश्रणातलं अन्न सरत येतं. मग दोन रस्ते: वरखत किंवा पातळ खत. निवडुंगाला पातळ खत अधिक मानवतं, कारण ते मोजून देता येतं आणि नको असेल तेव्हा थांबवता येतं.

गांडूळपाणी (गांडूळ खताच्या ढिगातून झिरपलेलं पाणी) एक भाग, साधं पाणी पंधरा भाग. गाळलेली गोबरगॅस स्लरी एक भाग, पाणी वीस भाग. शेंगदाणा पेंडीचं पाणी करायचं तर 50 ग्रॅम पेंड 2 लिटर पाण्यात भिजवून झाकण सैल ठेवायचं, रोज एकदा काडीने ढवळायचं आणि 10 दिवसांनी जाड फडक्यातून गाळायचं. फेस येणं थांबलेलं असलं पाहिजे. फेस असेल तर आंबणं अजून चालू आहे. हा अर्क एक भाग आणि पाणी वीस भाग. गाळलेला चोथा कंपोस्टमध्ये जातो, कुंडीत नाही. वास येतो, म्हणून शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब ठेवावं.

जीवामृत शेतात उत्तम काम करतं. कुंडीतल्या लहान निवडुंगाला त्यातला गूळ आणि बेसन नडतं: माश्या, मुंग्या, बुरशी. गच्चीवर मोठा सेरियस किंवा फड्या निवडुंग हौदात लावलेला असेल तर गाळून, दहापट पाण्यात द्यायला हरकत नाही. गोमूत्रात क्षार पुष्कळ असतात, पन्नासपटीपेक्षा कमी पाण्यात ते देऊच नये.

देण्याची रीत: आदल्या दिवशी कुंडीला साधं पाणी द्यायचं. कोरड्या मुळांवर खताचं पाणी पडलं तर तेच क्षार मुळांतलं पाणी उलट ओढतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 10 सेंटिमीटरच्या कुंडीला 60 ते 80 मिलिलिटर, 15 सेंटिमीटरच्या कुंडीला 200 मिलिलिटर, झाडाच्या अंगावर न सांडता काठाकाठाने. अंगावर फवारून काही मिळत नाही, कारण निवडुंगाच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि त्याची रंध्रं रात्री उघडतात. उलट डाग मात्र पडतात. दोन मात्रांमध्ये 25 दिवस. तीन मात्रांनंतर एकदा कुंडीच्या तिप्पट साधं पाणी ओतून क्षार धुऊन काढायचे.

सगळ्यांची भूक सारखी नसते. सेरियस, फड्या निवडुंग, कलमाचं लाल किंवा पिवळं डोकं हे खादाड, त्यांना पूर्ण मात्रा. कलमात वरच्या रंगीत गोळ्याला हरितद्रव्यच नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. हा खुंट म्हणजे ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला वेल, त्यालाच भूक असते. गोल्डन बॅरल, नोटोकॅक्टस, जिम्नोकॅलिशियम मध्यम. मॅमिलेरिया, विशेषतः पांढऱ्या केसांच्या जाती, आणि अ‍ॅस्ट्रोफायटम यांना निम्मी मात्रा आणि वर्षात दोनदाच.

कधी द्यायचं

बेळगावात खताच्या दोन मुदती आहेत. पहिली महाशिवरात्रीच्या आसपास उघडते आणि वळवाचे पाऊस नियमित व्हायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण मेच्या मध्यापर्यंत चालते. दुसरी गणपती विसर्जनानंतर उन्हं पडू लागली की दिवाळीपर्यंत. मृगाच्या आधी तीन आठवडे खत पूर्ण बंद करावं आणि कुंड्या छपराखाली घ्याव्यात, पत्र्याखाली नव्हे तर पारदर्शक शीटखाली, म्हणजे जे थोडं ऊन आहे ते मिळेल. खानापुरात शरदाची मुदत आणखी पुढे ढकलावी, दसऱ्याआधी सुरुवात नको.

अथणीत पावसाळ्यातही उघडीप असते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये एखादी पातळ मात्रा चालते. तिथे बंद ठेवायचा काळ म्हणजे ऐन एप्रिल-मे. पारा चाळीसकडे झुकला की बरेच गोल निवडुंग वाढ थांबवतात. झोपलेल्या झाडाला वाढलेलं ताट कुजतं.

डिसेंबर, जानेवारीत कुठेच खत नाही. पाणीही दोन-तीन आठवड्यांतून एकदा, दुपारी. या कोरड्या विश्रांतीतूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये मॅमिलेरियाच्या डोक्यावर फुलांचं कडं येतं. थंडीत खत-पाणी चालू ठेवलं तर झाड हिरवंगार राहतं आणि फुलं येत नाहीत.

बिघडलं तर

शेंडा बारीक, फिकट आणि लांबुळका होत असेल तर नत्र जास्त आणि ऊन कमी. खत थांबवून दर आठवड्याला थोडं थोडं ऊन वाढवावं. वाढलेला आकार परत येत नाही, पण पुढची वाढ सुधारते. अंगाला उभी भेग पडली तर जास्त खत आणि एकदम जास्त पाणी यांची ती जोडगोळी. भेग कोरडी ठेवली की खपली धरते.

खतानंतर चार-पाच दिवसांत मुळांजवळची साल सुरकुतली आणि मिश्रण ओलं असूनही झाड मलूल दिसलं, तर मुळं जळाली आहेत. अशा वेळी आणखी पाणी देणं ही सहज होणारी चूक आहे. झाड काढावं, मुळं छाटावीत, सुकवावं आणि खत नसलेल्या चुरा-वाळूत पुन्हा लावावं.

बुडखा तपकिरी आणि मऊ झाला तर वाट पाहू नये. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने वरून निरोगी भागात आडवा काप घ्यावा. कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत पातळ चकत्या काढत जायच्या, प्रत्येक चकतीनंतर सुरी पुसायची. स्वच्छ कापावर गंधकाची भुकटी लावून लहान तुकडा आठ दिवस आणि मोठा तीन आठवडे सावलीत सुकवायचा, मग कोरड्या वाळूवर नुसता टेकवून ठेवायचा. मुळं फुटेपर्यंत खत नाही.

पांढऱ्या कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसावेत, मग संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि 2 मिलिलिटर सौम्य साबणद्रव घालून फवारणी, सात दिवसांनी पुन्हा. पांढऱ्या केसांच्या आणि राखाडी मेणाच्या जातींवर तेल नको, त्यांचं रूप कायमचं जातं. फड्या निवडुंगावरचा असाच कापूस चिरडल्यावर गडद लाल रस आला तर ती कोचिनियल कीड. तो फांटा कापून जाळावा.

ब्रह्मकमळाचा वेगळा हिशेब

आपल्याकडे घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून वाढवतात ते एपिफायलम हेही निवडुंगच. मात्र ते वाळवंटातलं नसून अमेरिकेतल्या दमट जंगलात झाडांच्या खोबणीत, कुजलेल्या पाल्यावर वाढणारं आहे. वरचं चुरा-वाळूचं मिश्रण त्याला उपाशी ठेवतं. त्याच्या 10 लिटर मिश्रणात कुजलेला पाला 3 लिटर, गांडूळ खत 2, तुसाचा कोळसा 2, कौलांचा चुरा 3 आणि निंबोळी पेंड 50 ग्रॅम, तितकेच दिवस मुरवलेली. खानापूर-बेळगावच्या पावसाळी हवेत हे सुखाने राहतं, त्याला आडोसा आणि सकाळचं कोवळं ऊन पुरे.

फेब्रुवारीपासून दर 20 दिवसांनी गांडूळपाणी, एकास दहा. पेंडीचं पाणी देत असाल तर ते एप्रिलपासून बंद करावं, नाहीतर नुसती पानं फोफावतात. त्याऐवजी मेमध्ये एकदा 20 सेंटिमीटरच्या कुंडीला दोन चमचे हाडांचा चुरा मातीत मिसळून वरून मूठभर कंपोस्ट. पानाच्या खाचेत कळीचं टोक दिसलं की खत द्यायचं नाही आणि कुंडी हलवायची नाही. जागा बदलली की कळ्या गळतात. शेवटचं फूल कोमेजल्यावर तीन आठवडे थांबून पुढची मात्रा.